कुर्द लोकांना स्वतःचा देश का नाही, आणि त्यांना 'एक लोक' म्हणायचं तरी कशावरून?

वाचनवेडी_धरमपेठ

नमस्कार मंडळी. धरमपेठेत आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी गप्पांचा एक ग्रुप बसतो, बरेचसे रिटायर्ड लोक आणि एमपीएससीवाली काही पोरं. मागच्या वेळी पश्चिम आशियाचा विषय निघाला आणि बोलता बोलता गाडी कुर्दांवर आली, तर एक काका अगदी ठामपणे म्हणाले की कुर्द नावाचं राष्ट्र कधी नव्हतंच, डोंगरातल्या टोळ्या आहेत त्या, भाषा एक नाही, लिपी एक नाही, धर्म म्हणाल तर सुन्नी, शिया, अलेवी, यझिदी सगळं मिक्स, मग देश कशाच्या जोरावर मागतात? वरून एका पोराने विचारलं की हे वेगळ्या विदर्भासारखंच ना? त्यावर सगळे एकदम बोलायला लागले आणि विषय तिथेच राहिला.

मला ते पटलेलं नाहीये. तीन-चार कोटी माणसं आहेत म्हणतात, तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया अशा चार देशांत वाटली गेलेली, एवढ्या लोकांना उगाच वाटत नसेल ना की आपण एक आहोत. येत्या शनिवारी मला हे नीट मांडायचं आहे. कोणी वाचलं असेल, तिकडे राहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

सिव्हिललाईन्स_वाचक

काकांचं म्हणणं काही नवं नाही, अंकाराची, म्हणजे तुर्कस्तानची, सरकारं कित्येक वर्षं अधिकृतपणे हेच सांगत होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी देशाचं बघू. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरलं आणि १० ऑगस्ट १९२० ला सेव्हरचा तह झाला. त्याच्या ६२ ते ६४ या कलमांत कुर्द मुलखाला स्वायत्तता, आणि वर्षभरात तिथल्या लोकांची इच्छा दिसली तर राष्ट्रसंघाकडे जाऊन स्वातंत्र्य मागायची सोय, असं चक्क लिहिलेलं होतं. पण तुर्की सेनानी मुस्तफा कमालने (पुढे अतातुर्क) लढाई जिंकली, सेव्हरचा कागद रद्दीत गेला आणि २४ जुलै १९२३ ला लोझानचा नवा तह झाला. त्यात कुर्द हा शब्दच नाही! आणि अल्पसंख्याकांना जे संरक्षण दिलं ते फक्त बिगरमुस्लिमांना, म्हणजे ग्रीक, आर्मेनियन, ज्यू. कुर्द बहुतेक मुसलमान, म्हणून ते अल्पसंख्याक धरले गेले नाहीत, म्हणून कागदावर ते तुर्कच. पुढच्या शंभर वर्षांचं दुखणं या एका हिशेबात आहे असं माझं मत आहे. इंग्रजांनी तेव्हा मोसुलचा भाग आपल्या ताब्यातल्या इराकला जोडून घेतला, आणि सुलेमानियात शेख महमूद बरझंजीने स्वतःला कुर्दिस्तानचा राजा म्हणवलं तर त्याच्यावर विमानातून बॉम्ब टाकले.

टोळ्या होत्या, कोणी नाकारत नाही. पण त्या काळात तिकडे कोण टोळ्यांत नव्हतं? आणि हा मुलूख काही १९२३ लाच पहिल्यांदा कापला गेला असं नाही, १५१४ च्या चाल्दिरानच्या लढाईपासून तो ऑटोमन आणि इराणी सत्तांच्या मधे अडकलेला, १६३९ च्या तहाने तर रेघच पक्की झाली. लिपीचं पण तसंच. तुर्कस्तान-सीरियातले कुर्द लॅटिन लिपीत लिहितात, इराक-इराणमधले अरबी वळणाच्या, म्हणजे ज्याच्या राज्यात राहिले त्याची लिपी हाताशी आली. बोलीत फरक आहे, कुरमांजी आणि सोरानी बोलणाऱ्यांना एकमेकांचं सगळंच कळतं असं नाही. पण कुठल्याही भाषेची प्रमाण भाषा शाळा, छापखाने आणि सरकारी कचेऱ्या मिळाल्यावर होते, आणि यांना नेमकं तेच मिळू दिलं नाही. पहिलं कुर्दी वर्तमानपत्र निघालं १८९८ मध्ये, तेही कैरोत!

तुर्कस्तानात काय झालं ते आता बघा. १९२४ पासून शाळेत, कचेरीत कुर्दी बंद. १९२५ मध्ये शेख सईदचा उठाव झाला, त्याला दियारबकीर या कुर्द शहरात फाशी दिलं. १९३७-३८ मध्ये देरसिम भागात लष्कर घुसवून हजारो माणसं मारली, बायका-पोरांसकट, आणि त्याच्या आधीच जिल्ह्याचं नावही बदलून तुंजेली करून टाकलं होतं. २०११ मध्ये एर्दोगान यांनी पंतप्रधान असताना याबद्दल माफी मागितली. बरीच वर्षं सरकारी भाषेत कुर्द म्हणजे 'डोंगरी तुर्क', जे आपली मूळ भाषा विसरले आहेत! गावांची नावं तुर्की केली, आणि नवी वर्णमाला आली त्यात क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं नव्हती, जी कुर्दीला लागतात. म्हणजे पोराचं नाव या अक्षराने ठेवलं तर नोंदणीच होत नसे. 'नवरोज', म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, ते 'डब्ल्यू' घालून लिहितात, त्यावरून पण केसेस झाल्यात. ती अक्षरं मोकळी झाली २०१३ ला.

१९८३ चा २९३२ नंबरचा कायदा तर बघण्यासारखा आहे. त्यात कुर्दीचं नाव नाही. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली राजभाषा, ती सोडून दुसऱ्या कुठल्या भाषेत विचार मांडायचे नाहीत, छापायचे नाहीत, अशी रचना. 'पहिली' काऊन? कारण इराकमध्ये तेव्हा कुर्दीला अरबीनंतर थोडीफार मान्यता होती, ती पळवाट पण बुजवली. बंदी घालायला सुद्धा त्या भाषेचं नाव घ्यायचं नाही, इतका विचार करून बसलेली माणसं होती ती. १९८० च्या लष्करी बंडानंतर दियारबकीरच्या तुरुंगात भेटीला आलेल्या आयांना पोराशी कुर्दीत बोलायची परवानगी नव्हती, आणि कित्येक आयांना दुसरी भाषाच येत नव्हती, त्या जाळीपलीकडून नुसत्या बघत बसायच्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

कायदा १९९१ ला गेला. त्याच वर्षी लैला झाना संसदेत निवडून आल्या, शपथ तुर्कीत घेतली आणि शेवटी एक वाक्य कुर्दीत म्हणाल्या, की तुर्की आणि कुर्द लोकांच्या बंधुभावासाठी मी ही शपथ घेते. सभागृहात नुसता आरडाओरडा. १९९४ मध्ये त्यांची आमदारकी, म्हणजे खासदारकी म्हणा, काढून घेऊन पंधरा वर्षांची शिक्षा, सुटल्या त्या २००४ ला. आरोप दहशतवादी संघटनेशी संबंधाचा लावला, पण सुरुवात त्या वाक्यापासून झाली. विदर्भवाल्या पोराला हे जरूर सांगा. आपल्याकडे वेगळा विदर्भ पाहिजे असं विधानभवनात उभं राहून मराठीत, हिंदीत, पाहिजे त्या भाषेत बोलता येतं, संविधान चौकात धरणं धरता येतं, घरी पोलीस येऊन तू मराठी बोलतोस म्हणून नेत नाहीत. मागणी राज्याची असणं वेगळं, आणि तू मुळात आहेसच हे कबूल करा अशी मागणी असणं वेगळं.

बर्डीचा_भाऊ

ताई, वरच्या भाऊनं तुर्कस्तानचं चांगलं लिहिलं. मी इराकच्या कुर्द भागात होतो कामाले, सुलेमानियाले, बिल्डिंग लाईनमंधी. तं तिथलं सांगतो.

सुलेमानियात सद्दामच्या पोलिसायचं जुनं ठाणं आहे, लाल भिंतीचं, त्याले अम्ना सुराका म्हणतात, आता म्युझियम केलंय. भिंतीले अजून गोळ्यायचे भोकं आहेत, लोकायनं ते तसेच ठेवले. आत गेलं की एक लांब बोगद्यासारखी खोली लागते, दोन्हीकडून भिंतीले आरशाचे तुकडे चिकटवलेले, वरतून बारके बारके लाईट. तुकडे १,८२,००० आहेत, अन् लाईट जवळपास साडेचार हजार. तुकडा म्हणजे माणूस अन् लाईट म्हणजे गाव. मी चालत गेलो तं प्रत्येक तुकड्यात आपलंच तोंड दिसत होतं, तुटक तुटक. सोबतचा फोरमन तिथलाच होता, तो बाहेरच थांबला, आत आला नाई. मी पण काही विचारलं नाई त्याले.

तो आकडा 'अनफाल'चा आहे. १९८८ मंधी सद्दामनं आपल्या चुलतभावाले, अली हसन अल मजीदले, सगळे अधिकार देऊन कुर्द गावायवर सोडलं. नाव कुराणातल्या एका सुऱ्याचं ठेवलं, मुसलमानायले मारायले, बाप्पा! पद्धत अशी की आधी बॉम्ब, कुठंकुठं गॅस, मग पळणाऱ्या लोकायले गोळा करायचं, बाप्ये वेगळे, बायका-लेकरं वेगळी, अन् बाप्ये ट्रकात घालून दक्षिणेच्या वाळवंटात नेऊन खड्ड्यापाशी उभं करून गोळ्या. हजारो गावं बुलडोझरनं सपाट केली, विहिरी सिमेंटनं बुजवल्या की परत कोणी यायले नको. मानवी हक्कवाले म्हणतात मेलेले ५० हजार ते एक लाख, कुर्द लोक म्हणतात १,८२,०००. बरझानी टोळीचे आठेक हजार बाप्ये अन् पोट्टे तं १९८३ मंधीच उचलून नेले होते, ते परत आलेच नाई.

अन् १६ मार्च १९८८ ले हलबजा. इराणच्या सीमेजवळचं गाव आहे, डाळिंबाच्या बागा आहेत तिथं. विमानायनं मस्टर्ड गॅस अन् मज्जातंतूवर जाणारा गॅस टाकला, पाच हजाराच्या आसपास माणसं मेली, जास्त करून बायका-पोरं. वाचलेले लोक सांगतात की आधी सफरचंदासारखा वास आला. एक बाप बाळाले छातीशी धरून दाराच्या उंबऱ्यापाशी पडलेला, ओमर खावर त्याचं नाव, त्याचा फोटो जगभर गेला, आता त्याचा पुतळाच आहे. कब्रस्तानाच्या दाराशी पाटी आहे की सद्दामच्या बाथ पक्षाच्या माणसाले आत यायची परवानगी नाई.

आता जगानं काय केलं ते पण सांगा तुमच्या काकाले. इराक तेव्हा इराणशी लढत होता, म्हणून मोठ्या देशायले तो पाहिजे होता. अमेरिकेनं सुरुवातीले इराणवर पण बोट दाखवून पाहिलं. ज्याच्याकडून गॅसचं केमिकल गेलं त्यातला एक डच व्यापारी, फ्रान्स व्हान आनराट, त्याले हेगच्या कोर्टानं २००५ मंधी शिक्षा दिली अन् त्या निकालात इराकी कुर्दायवर वंशसंहार झाला असं कोर्टानंच म्हटलं. अली हसनले २०१० मंधी फाशी झाली, चौथी फाशीची शिक्षा हलबजासाठी होती त्याले.

बाकी आता तिथं चांगलं आहे. १९९१ नंतर त्यायले आसरा भेटला, स्वतःची विधानसभा, शाळा, युनिव्हर्सिटी सगळं कुर्दीत, २००५ च्या घटनेत नाव आलं, जलाल तालाबानी तं अख्ख्या इराकचा राष्ट्रपती झाला. २०१७ मंधी स्वातंत्र्यासाठी मतदान घेतलं, ९२ टक्क्यायनं हो म्हटलं, पण कोणत्याच मोठ्या देशानं साथ दिली नाई अन् महिनाभरात तेलाचं शहर किरकुक गेलं हातचं. चहाले बसलं की लोक हेच सांगतात, आमचे दोस्त फक्त डोंगर.

खामला_रहिवासी

माहिती चांगली आहे सगळी, पण दुसरी बाजू पण यायला हवी. पीकेके या तुर्कस्तानातल्या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेने बॉम्बस्फोट केलेत, शाळामास्तरांना मारलंय, तुर्की आयांची पोरं पण गेलीत. आणि १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांची कत्तल झाली त्यात कुर्द टोळ्या सामील होत्या. इराकमध्ये बरझानी आणि तालाबानींचे पक्ष १९९४ पासून तीन-चार वर्षं आपसातच लढले. शनिवारी कोणी हे विचारलं तर काय सांगणार?

सिव्हिललाईन्स_वाचक

विचारायलाच पाहिजे, आणि यातलं काही लपवायचं कारण नाही. १९७८ ला पीकेके निघाली, १९८४ पासून बंदूक घेतली, दोन्हीकडची मिळून ४० हजारांवर माणसं गेली, त्यात सगळ्यात जास्त कुर्दच. सरकारने त्याच नावाखाली नव्वदच्या दशकात तीन हजारांवर गावं रिकामी केली. पीकेकेने मास्तर मारला तो गुन्हाच, पण त्याने गावात राहणाऱ्या म्हातारीच्या भाषेवरची बंदी बरोबर ठरत नाही. पीकेकेचे नेते ओजालान १९९९ पासून इमराली बेटावर कैदेत आहेत, त्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये संघटना विसर्जित करा म्हणून सांगितलं, मे मध्ये तशी घोषणा झाली, आणि जुलैत सुलेमानियाजवळ तीस जणांनी आपल्या बंदुका एका मोठ्या कढईत ठेवून जाळल्या.

आर्मेनियनांबद्दल म्हणाल तर खरं आहे, आणि अलीकडे कुर्द नेत्यांनी त्याची उघड माफी मागितली आहे, दियारबकीरच्या कुर्द नगरपालिकेने तिथलं जुनं आर्मेनियन चर्च दुरुस्त करायला पैसे दिले. तुर्की सरकार अजूनही त्याला वंशसंहार मानत नाही. मारणाऱ्यांच्या नातवंडांनी कबूल केलं, आणि हुकूम ज्या दरबारातून निघाले त्यांच्या वारसांनी नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

कोयतूर_गडचिरोली

मी मूळ गडचिरोलीची, सध्या नागपुरात नोकरीला. मी गोंड आहे, म्हणून मला या थ्रेडवर लिहावंसं वाटलं.

काका म्हणतात भाषा एक नाही तर लोक एक कसे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आहेत, महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा असे पसरलेले, लिहायला कुठे देवनागरी, कुठे तेलुगू, कुठे आमची स्वतःची लिपी, आणि आठव्या अनुसूचीत नाव नाही. हे शहर बख्त बुलंद शहाने वसवलं, गोंड राजाने. आमच्यावर गॅस टाकला नाही कोणी, मी बरोबरी करत नाहीये. पण शाळेत पहिल्या दिवशी मास्तरचं बोलणं न कळणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि घरी आजीशी बोलताना आपण एक लोक आहोत याचा पुरावा मला कधी लागला नाही.

कुर्दांकडे देंगबेज असतात, गाणारे. वाद्य नाही काही नाही, नुसता गळा, एक हात कानाशी धरून तासन् तास गातात, कुठली लढाई, कोणाचं प्रेम, कोणत्या गावातून कोण हाकललं गेलं. बंदीच्या काळात दारं लावून, खाली पहारा ठेवून गायचे. आणि सीमेपलीकडून येरेवान रेडिओवर १९५५ पासून कुर्दी कार्यक्रम लागायचा, तो लोक आवाज एकदम बारीक करून ऐकायचे. आमचे परधान जसे किंगरी घेऊन घराण्यांची पिढ्यान् पिढ्यांची नावं गात आले, तशी ती माणसं. छापलेला इतिहास नाही म्हणजे इतिहास नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. दियारबकीरला २००७ पासून देंगबेजांसाठी एक घर आहे, म्हातारे गायक तिथे बसून गातात, कोणीही जाऊन ऐकू शकतं.

गायकाचंच अजून एक सांगते. अहमत काया तुर्कस्तानचा फार लोकप्रिय गायक, तुर्कीतच गायचा. फेब्रुवारी १९९९ मध्ये बक्षीस घेताना स्टेजवर म्हणाला की पुढच्या अल्बममध्ये एक गाणं कुर्दीत करणार आहे. एवढंच. हॉलमधल्या मोठमोठ्या लोकांनी त्याच्यावर काटे-चमचे फेकले, मग खटला, देश सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला तो वारला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

वाचनवेडी_धरमपेठ

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना अंगावर काटा आला. आरशांच्या खोलीचं तर मी शनिवारी सांगणारच. सीरिया आणि इराणबद्दल कोणी दोन शब्द लिहाल का? आणि यझिदी हे कुर्द धरायचे की नाही?

सिव्हिललाईन्स_वाचक

सीरियात गोळीपेक्षा कागद वापरला. ऑक्टोबर १९६२ मध्ये हसाका प्रांतात एका दिवसात खास जनगणना केली, १९४५ च्या आधीपासून इथे राहता याचा पुरावा दाखवा म्हणाले, आणि दाखवता न आलेल्या १ लाख २० हजार कुर्दांचं नागरिकत्व गेलं. एकाच घरात एक भाऊ सीरियन आणि दुसरा 'परदेशी', असंही झालं. त्यांच्यातही दोन प्रकार, 'अजानिब' म्हणजे ज्यांना परदेशी म्हणून लाल कार्ड तरी होतं, आणि 'मकतुमीन' म्हणजे ज्यांची कुठे नोंदच नाही. जमीन नावावर नाही, सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही, लग्नाची नोंद नाही, आणि हे पोरांकडे वारशाने जायचं, त्यामुळे आकडा पुढे वाढतच गेला. २०११ मध्ये उठाव पेटल्यावर असदने घाईघाईने अजानिबना नागरिकत्व दिलं, मकतुमीन तेव्हाही बाहेरच. नंतर याच कुर्दांनी २०१४-१५ ला कोबानीत आयसिसला अडवलं, पोरी पण बंदूक घेऊन उभ्या होत्या, जगाने टाळ्या वाजवल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने सैन्य बाजूला घेतल्याबरोबर तुर्की फौजा आत आल्या. १९७५ ला पण हेच झालं होतं, इराणचा शहा आणि सद्दामचा अल्जिअर्सला समझोता झाला आणि इराकी कुर्दांचे नेते मुस्तफा बरझानींना मिळणारी मदत तडकाफडकी बंद.

इराणात जानेवारी १९४६ मध्ये महाबादला कुर्द प्रजासत्ताक उभं राहिलं होतं, रशियन फौजेच्या आधाराने. ती फौज निघून गेली, डिसेंबरात सगळं संपलं, आणि ज्या चौकात काझी मुहम्मदने घोषणा केली होती त्याच चौकात ३१ मार्च १९४७ ला त्याला फाशी दिलं. महसा अमिनी सगळ्यांना माहीत आहे, पण ती साकेझची कुर्द मुलगी आणि घरी तिचं नाव जिना, हे फार कमी लोकांना माहीत असतं. 'जिन, जियान, आझादी', बाई, जगणं, स्वातंत्र्य, ही घोषणा पण मूळ कुर्द बायकांचीच, तुर्कस्तान-सीरियातून आलेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या दफनाच्या वेळी साकेझमध्ये बायकांनी ती दिली.

यझिदींचं मी त्यांच्यावरच सोडेन. बहुतेक जण कुरमांजी बोलतात, काही स्वतःला कुर्द म्हणवतात, काही नाही. ३ ऑगस्ट २०१४ ला आयसिस सिंजारवर आली तेव्हा पेशमर्गा, म्हणजे इराकी कुर्दांचे सैनिक, न सांगता निघून गेले होते, हे ते विसरलेले नाहीत, आणि डोंगरावर अडकलेल्यांना वाट काढून दिली ती सीरियातल्या कुर्द दलांनी, हेही विसरलेले नाहीत. नादिया मुरादला २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं ती त्याच भागातली. ज्यांना शतकभर दुसऱ्यांनी सांगितलं की तुम्ही अमुक आहात, त्यांनी यझिदींना तरी ते सांगू नये.

बर्डीचा_भाऊ

ताई, शनिवारी किती वाजता असते चर्चा? बाहेरचा माणूस चालत असेल तं मी येतो. त्या म्युझियमचे फोटो आहेत माझ्यापाशी, पेनड्राइव्हमंधी घेऊन येतो, काकाले दाखवू.